चार इंजिनांचं अकाली निधन

१. परिवार

आठ नंबरचं इंजिन मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता वारलं. वय पाच आठवडे. मागे एक फवारणी पंप, शंभर फूट नळी, बोर्डो औषधाचं एक पिंप आणि पिंपळगाव बसवंतच्या खंडेराव मोगलांची चार एकर द्राक्षं एवढा परिवार.

मी पोचलो तेव्हा खंडेरावांनी इंजिनावर पांढरं धोतर टाकलेलं होतं. वस्तीवरची आठ-दहा माणसं बांधावर उकिडवी बसली होती. एकानं सरकून मला जागा दिली आणि हळूच म्हणाला, "लय हाल नाय झाले. एकदाच वाजलं. खाड्."

धोतर उचललं. इंजिनाच्या पोटाला मुठीएवढं भोक. आतला कनेक्टिंग रॉड तुटला होता. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा हा वीतभर पोलादी दांडा. इंजिन चालू असेतो त्याला क्षणाची उसंत नसते. त्याचा एक तुकडा पोट फोडून बाहेर आला, खंडेरावांच्या बायकोच्या, कुसाबाईंच्या, अंबाड्यातून आरपार गेला आणि कडुनिंबात रुतला.

कुसाबाई केस मोकळे सोडून ओट्यावर बसल्या होत्या.

"दोन बोटं खाली आला असता," त्या म्हणाल्या, "तर ते धोतर आज माझ्यावर असतं."

"काकू, चुकलं माझं."

"काय चुकलं ते सांग ना मग."

तेच मला माहीत नव्हतं.

गोष्ट १९८३ सालची, दिवाळीच्या तोंडावरची. मी यशवंत निरभवणे, वय चोवीस, नाशकात द्वारकेजवळ गॅरेज. द्राक्षाच्या पानाखाली केवडा नावाचा रोग धरतो. औषध पानाच्या पोटापर्यंत पोचलं नाही तर आठवड्यात बाग वाळते. कंपनीच्या छोट्या इंजिनात तेवढा जोर नव्हता, म्हणून मी त्याचा वेग आवरणारा गव्हर्नर बदलून मिनिटाच्या फेऱ्या वाढवल्या. जोर आला. निफाड तालुक्यात माझी आठ इंजिनं विकली गेली, लोक मला इंजिनिअर म्हणू लागले, आणि मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. मग दसऱ्यापासून एक, दोन आणि सात नंबर गेले. आज आठ. चौघांचंही कारण तेच.

खंडेराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "यशवंता, मशीन तुझं लय भारी. माझ्या बापाच्या जन्मात पानाखाली औषध गेलं नव्हतं, ते तू घातलंस. पण माणूस मारायचं मशीन मला नको. भाऊबीजेपर्यंत कारण सांग. नाय सांगितलं तर आम्ही सगळे मिळून आठच्या आठ तुझ्या दारात टाकू आन गॅरेजला कुलूप आम्हीच लावू."

"तोवर फवारणी?" मी विचारलं.

आम्ही दोघांनी वर पाहिलं. आभाळ कडेनं काळं होत होतं. पाऊस झाला की केवडा, आणि पावसाआधी फवारणी झाली नाही की संपलं. मी सोबत नवं कोरं नऊ नंबर आणलं होतं. त्याचा बोल्ट न् बोल्ट मी स्वतः तपासला होता. कुसाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि त्याच्यापासून चार हात लांब जाऊन बसल्या.

२. कांदा

सहादूनाना गांगुर्डे आमच्या कॉलनीत दोन घरं सोडून राहतात. मनमाडच्या लोको शेडमध्ये चौतीस वर्षं फिटर. वाफेच्या इंजिनाचा दांडा माणसापेक्षा उंच. त्यापुढे माझा रॉड म्हणजे दात कोरायची काडी. चौतीस वर्षांत नानांच्या हातून हजारो दांडे गेले, पण त्यांचं नाव कुठेच लागलं नाही. शेडमध्ये त्यांना ४१७ नंबरचा बिल्ला होता आणि सगळे त्यांना चारशे सतराच म्हणत. निवृत्त झाल्यापासून ते लोकांच्या वस्तू का बिघडल्या ते सांगतात. कॉलनीतल्या तीन पंख्यांचा, एका शिलाई मशीनचा आणि एका मोडलेल्या लग्नाचा उलगडा त्यांनी केलेला आहे.

मी त्यांच्यापुढे वर्तमानपत्र अंथरून चारी रॉड मांडले.

"जय भीम, नाना."

"जय भीम. मयतं इथंच आणलीस का?"

तुटल्यावर क्रँकनं त्या तुकड्यांना आतल्या आत पार ठेचून काढलं होतं. ओळख पटण्यासारखा एकच होता, दोन नंबरचा. नानांनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "एक कांदा आण."

मला वाटलं, विचाराला भूक लागते. आणला. नानांनी तो मधोमध कापून रॉडच्या तुटलेल्या तोंडाशेजारी ठेवला.

"बघ."

तुटलेल्या पोलादावर कांद्यासारखेच पापुद्रे होते. काठावरच्या एका जागेपासून निघालेल्या कमानी, एकीबाहेर एक. निम्म्याहून जास्त भाग असा गुळगुळीत, आणि उरलेला गुळाची ढेप फोडावी तसा खरबरीत.

"हा एका घावाचा खून नाही," नाना म्हणाले. "तडा काठावर सुरू झाला. रोज थोडा थोडा आत सरकला. ज्या दिवशी उरलेलं पोलाद पुरलं नाही, त्या दिवशी खाड्. ह्याला कुणीतरी आधीच मारून ठेवलेलं होतं. इंजिनाला फक्त माहीत नव्हतं."

मग त्यांनी एकेक संशयित काढून टाकला. बोल्ट घट्ट आणि शाबूत. म्हणजे ढिलाई नाही. बेअरिंग चकचकीत, निळं पडलेलं नाही. म्हणजे तेल होतं.

"फेऱ्या किती केल्यास?"

"तीन हजाराच्या पावणेचार."

"सव्वापट. मग ताण कितीपट?"

"सव्वापट."

"आयटीआयत झोपला होतास. सव्वा गुणिले सव्वा. दीडपटीच्या वर. पिस्टन धावत वर जातो, थांबतो, उलटा फिरतो. त्याला दर वेळी मागं खेचून आणतं कोण? हा दांडा. वेग वाढला की ओढ अशीच चढते."

"म्हणजे दोषी मीच."

"तू आहेसच. पण एकटा नाहीस. तेवढ्याच फेऱ्यांवर तुझी चार इंजिनं जिवंत आहेत. ती का जगली ते शोधायचं." त्यांनी रॉडचा चकचकीत भाग अंगठ्यानं पुसला. "पॉलिश कुणाचं?"

"भांडीबाजारातनं करून घेतो. रद्दीत एक इंग्रजी मासिक मिळालं होतं, त्यात लिहिलेलं की रॉडवर ओरखडा राहिला तर तिथनं तडा जातो. म्हणून प्रत्येक रॉड आरशासारखा करून बसवतो."

"बरोबर केलंस. ओरखडा म्हणजे तड्याला दार." नानांनी भिंग पुन्हा त्या काठावर नेलं, जिथून कमानी निघाल्या होत्या. तिथे खसखशीच्या दाण्याएवढे तीन ठिपके होते; पुढची कड ठेचून गेली होती. "हे काय?"

"गंज असेल."

"गंज असा रांगेत उभा राहत नाही," नाना म्हणाले, आणि पुरावा भाकरीबरोबर खाऊन टाकला.

३. ताडपत्रीखालचा आवाज

बुधवारी आम्ही लुनावरून पिंपळगावला गेलो. चढावर नाना उतरून चालायचे आणि माझ्या पुढे जायचे.

"लोकांची इंजिनं पळवतोस, स्वतःची लुना मात्र कंपनीच्या फेऱ्यांवर," ते म्हणाले.

"घरच्या गाडीवर प्रयोग नको, नाना."

खंडेरावांना नानांनी एकच प्रश्न विचारला. फवारणीशिवाय इंजिन कशाला जुंपलं होतं? खंडेराव आभाळाकडे बघू लागले.

"सांगा की," कुसाबाई म्हणाल्या. "जत्रंत रसवंती लावली होती ह्यांनी त्याच्यावर."

"दोनच दिवस," खंडेराव म्हणाले. "आलं-लिंबू घालून."

"रसानं कुणी मरत नाही," नानांनी निकाल दिला. "एक नंबर ओझरला होतं, तिथं उसाचं कांडं नव्हतं."

उरला नाथा विधाते. त्याचं हायवेवर कंपनीच्या इंजिनांचं दुकान. माझी इंजिनं फुटणार असं तो आषाढापासून सांगत सुटला होता, आणि निफाडला दोन नंबरवर पाना घेऊन वाकलेला त्याला लोकांनी पाहिलं होतं. खुनी म्हणून माझ्या मनात त्याचं नाव पक्कं होतं. सोयीचंही होतं.

नाना दुकानात डोळे मिटून उभे राहिले. नाथा मला म्हणाला, "म्हातारं आजारी हाय का?"

"नाथाशेठ," नाना डोळे न उघडता म्हणाले, "कंपनीचं इंजिन तीन हजारावर गुणगुणतं. तुमच्या मागच्या अंगणात एक पावणेचारवर रडतंय."

मागे गेलो. ताडपत्री ओढली. माझंच इंजिन. म्हणजे त्याचं, पण माझंच. गव्हर्नरच्या पट्टीवर माझ्या हातून कानस घसरून उमटलेला ओरखडासुद्धा त्यानं प्रामाणिकपणे उतरवून घेतला होता.

नाथा खाली बसला. "दोन नंबर उघडून बघितलं, कबूल. पण नुसतं बघितलं. लोकांना सांगत होतो फुटतं म्हणून, आन मीच तीन बनवली. तुला काय शिव्या द्यायच्या त्या दे. पण एक सांगतो, माझी तिन्ही दसऱ्याच्या आधीपासनं चालू हायेत. एक तुटलं नाय."

"रॉड?"

"तू नेतोस त्याच पेटीतले. एकच माल."

"पॉलिश?"

"कशाला? पोटातलं कोण बघायला जातंय?"

परतीच्या वाटेवर नाना चढावरही उतरले नाहीत, इतके विचारात होते.

"चोराची इंजिनं जिवंत, मालकाची मेली," ते म्हणाले. "फेऱ्या त्याच, रॉड तोच. फरक एकच आहे, यशा. पॉलिश."

जे मी औषध म्हणून देत होतो, तेच विष निघालं होतं.

४. काळूच्या रागाचं वेळापत्रक

काळू पगारे माझा भागीदार. रॉड बसवायचं काम त्याचं. आषाढापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. जे सांगायचं ते कॉम्प्रेसरला सांगायचा. "कॉम्प्रेसर, त्याला म्हणावं चहा आलाय." कॉम्प्रेसर निरोप नीट पोचवायचा, कारण तो आमच्या दोघांच्या मधोमध होता. भांडणाचं कारण पाटी. पाटीवर 'यशवंत इंजिन वर्क्स' एवढंच होतं. अक्षरं मोठी काढली, जागा संपली.

"काळू, रॉड बसवताना काय करतोस?" नानांनी विचारलं.

"ग्रीस पुसतो, तेल लावतो, बसवतो, आवळतो."

"डोळ्याला काही दिसलं?"

काळू कॉम्प्रेसरकडे वळला. "काय दिसायचंय? नाव सगळीकडे त्याचंच. पाटीवर पण, आत पण. आम्ही नुसते बोल्ट आवळायला."

हे मी शंभरदा ऐकलं होतं. नानांनी मात्र कप खाली ठेवला.

"हा राग कधीपासनं?"

"आषाढ."

"मधे कमी झाला होता?"

काळूनं विचार केला. "श्रावणात जरा बरं वाटत होतं. गणपतीपर्यंत."

"मग?"

"पितृपक्षात परत चढला. उतरलेला नाही."

नानांनी खिशातली डायरी काढून रेघा मारल्या आणि मला दाखवल्या. आषाढात बनलेली एक आणि दोन: राग, मेली. श्रावणापासून गणपतीपर्यंतची तीन, चार, पाच, सहा: राग नाही, जिवंत. पितृपक्षातली सात आणि आठ: राग, मेली. काळूचा राग आणि इंजिनांचे मृत्यू एकाच वेळापत्रकावर धावत होते.

मी काळूकडे पाहिलं. आयटीआयत आम्ही एका डब्यात जेवलो होतो.

"तो खुनी नाही," नाना बाहेर आल्यावर म्हणाले. "तो साक्षीदार आहे. त्याला ते ठाऊक नाही एवढंच. पॉलिश आठही रॉडांना झालं, मेले चारच, म्हणजे तिथं आणखी काहीतरी होतंय. उद्या भांडीबाजार."

५. घंटा

दुसरा दिवस धनत्रयोदशीचा. भांडीबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. पॉलिशच्या दुकानाच्या पायरीवर चांगुणाबाई भांड्यांवर नावं घालत बसल्या होत्या.

नवरा होता तेव्हा हे काम हातोडी-छिन्नीनं व्हायचं. तो गेल्यावर बाईंनी पायरी धरली, पण वर्षा-दोन वर्षांत मनगट गेलं. तेव्हा मी त्यांना एक यंत्र करून दिलं होतं. एका शाळेची मोडकी विजेची घंटा घेतली आणि टोला मारणाऱ्या दांडीला सुई बसवली. सुई थरथरते, ठिपके पडतात, नाव उमटतं. थोडा घंटेचा आवाज राहून गेलाय. बाईंनी काम सुरू केलं की रस्त्यावरची पोरं घराकडे वळतात.

"आला का माझा इंजिनवाला," चांगुणाबाई म्हणाल्या. "नाना, ह्यानं माझा हात परत आणून दिला बरं का. नाहीतर मी धुणीभांडी करत असते."

"बाई, श्रावणात कुठं होता तुम्ही?"

"विंचूरला. लेकीचं बाळंतपण. गणपती उठले आणि आले. का?"

नानांनी डायरी मिटली.

"तुमच्या हाताखालनं एखादं भांडं बिननावाचं गेलंय कधी?"

"कसं जाईल? बिननावाचं भांडं लग्नात दिलं की परत येत नाही."

"आणि ह्याचे दांडे?"

बाई लाजल्या. "कळलं का? मी सांगणार नव्हते. पॉलिश होऊन माझ्यासमोरच पडायचे. नवी वस्तू निघाली की कोणीतरी नक्कल मारतोच. म्हटलं उद्या तो म्हणाला हे माझं, तर उघडून दाखवता यावं. ह्याचं नाव घालून ठेवलं. खोबणीत सुई पोचत नाही, म्हणून कडेवर. बारीक, तिळाएवढं. मग ग्रीस लावून गुंडाळलं. ह्याचं एवढं करणं, आणि मी काय देणार त्याला?"

भर गर्दीत मला एकदम सगळं दिसलं. ओरखडा राहू नये म्हणून मी रॉड पाठवत होतो, आणि इथे त्यावर शंभर ठिपके टोचले जात होते, ताण सगळ्यात जास्त येतो त्या कडेवर. काळूला आत माझं नाव दिसलं होतं आणि त्याला वाटलं मीच घातलं. आणि हत्यार बाईंच्या हातात थरथरत होतं. ते मीच करून दिलं होतं, वर्षाच्या गॅरंटीसकट.

"नऊ नंबरवर?" नानांनी विचारलं.

"गेल्याच आठवड्यात. ह्या खेपेला वडिलांच्या नावासकट, आडनाव पण," बाई म्हणाल्या. "दिवाळी ना."

आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं. आभाळ पूर्ण भरलं होतं. खंडेराव ह्या क्षणी फवारत असणार.

६. टोपी

ट्रंककॉल लावला असता तर निरोप पिंपळगावच्या पोस्टात पोचला असता आणि खंडेरावांपर्यंत पाडव्याला. लुना आडगाव नाक्यापर्यंत रांगत गेली. तिथे मी टोमॅटोच्या रिकाम्या टेम्पोला हात केला. ड्रायव्हरनं लुना, नाना आणि मी अशा क्रमानं आम्हाला चढवलं.

"एवढी घाई कशाची?" त्यानं विचारलं.

"इंजिनाच्या आत ह्याचं नाव आहे," नाना म्हणाले.

ड्रायव्हरनं माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि वेग वाढवला.

बागेत पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं. नळी धरून खंडेराव वेलींच्या रांगेत शिरले होते. आणि इंजिनापाशी, चार हात लांब नाही, अगदी पाशी, कुसाबाई पिंपातला बोर्डो काठीनं ढवळत होत्या. पिंप तिथेच ठेवावं लागतं. दुसरी जागा नव्हती. मी ओरडलो. पावणेचार हजार फेऱ्यांपुढे माझा आवाज गेला नाही. रॉकेलची चावी बंद केली असती तर इंजिन अजून अर्धा मिनिट चाललं असतं.

नाना सावकाश चालत गेले, डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि इंजिनाच्या हवा घ्यायच्या तोंडावर दाबून धरली. नऊ नंबर गुदमरलं, दोनदा खोकलं आणि टोपी तोंडात धरून बंद पडलं.

"काय चाललंय?" खंडेराव धावत आले. "निम्मी बाग राहिली. पाऊस बघा कुठं आलाय."

"अर्धा तास द्या," नाना म्हणाले.

त्यांनी इंजिन खोलून रॉड बाहेर काढला. रॉकेलमध्ये बुडवून थोडा वेळ ठेवला. मग कोरड्या फडक्यानं अगदी लख्ख पुसला. मग खिशातनं खडू काढून बोटानं भुकटी केली आणि रॉडवर फासली. लोको शेडची ही रीत. पोलाद पुसलं तरी भेगेत शिरलेलं रॉकेल तिथेच राहतं आणि हळूहळू खडूत उतरतं.

आम्ही चौघं वाकून बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग पांढऱ्यावर काळसर ठिपके आले, एकामागून एक, आणि माझं नाव उमटलं. यशवंत काशिनाथ निरभवणे. अक्षर सुरेख होतं. आणि आडनावाच्या मधून बाहेर पडलेली नखाएवढी एक रेघ, दांड्याला आडवी. ती चांगुणाबाईंनी काढलेली नव्हती.

"हा तडा," नाना म्हणाले. "मंगळवारपासनं एवढा झाला."

कुसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "अजून किती टिकलं असतं?"

"सांगता येत नाही, ताई. हे पिंप संपेपर्यंत, कदाचित."

त्या घरात गेल्या आणि ताकाचा तांब्या घेऊन आल्या. नानांनी पेला घेतला तेव्हा त्यांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. चारशे सतरांना काय करावं सुचेना. ते ताक पिऊन टाकून पुन्हा पेला पुढे करत राहिले.

पण निम्मी बाग तशीच होती आणि पश्चिमेला वीज चमकत होती. मी लुनाला टांग मारली आणि नाथाकडे गेलो. पहिलंच वाक्य जड गेलं.

"नाथाशेठ, तुझं इंजिन पाहिजे."

नाथानं ताडपत्री काढली. "माझं कसलं. तुझंच हाय ते. फक्त पॉलिश नाय."

तो ट्रॅक्टरवर इंजिन घालून आला आणि नळी स्वतःच धरली. थेंब पडायच्या आधी शेवटची रांग झाली. माझ्या कल्पनेची चोरी झाली नसती तर खंडेरावांची बाग गेली असती. ह्याबद्दल नाथाचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे मला अजून सुचलेलं नाही. दर दिवाळीला चिवडा पाठवतो.

७. तडा नाही

भाऊबीजेला खंडेराव गॅरेजवर आले, कुलूप न घेता. नानांनी ठरवून दिलेलं त्यांनी ऐकून घेतलं. फेऱ्या सव्वातीन हजारांवर. पंपाची पुली बदलून दाब तेवढाच ठेवायचा. पॉलिश दांड्याच्या लांबीनं उभं, आडवं नाही. दांड्यावर अक्षर तर सोडा, बोटाचं नखसुद्धा लागू द्यायचं नाही. आणि दर हंगामाआधी प्रत्येक इंजिन खोलून रॉकेल आणि खडू. श्रावणातली चार तशीच तपासली. खडू पांढराच राहिला.

"गॅरेज चालू ठेव," खंडेराव म्हणाले. "पुढच्या हंगामाला मला दोन लागतील. एक रसवंतीला."

चांगुणाबाईंना सांगू नये असं मला वाटत होतं. नाना म्हणाले, सांगायचं. बाई यंत्राला तेल घालून घ्यायला गॅरेजवर आल्या तेव्हा सांगितलं. बाईंनी सुई खाली ठेवली.

"म्हणजे माझ्या हातानं त्या बाईचा जीव..."

"बाई, फेऱ्या मी वाढवल्या," मी म्हणालो. "जुन्या फेऱ्यांवर नाव घातलेला रॉड दहा वर्षं टिकला असता. दोघांनी मिळून केलं ते."

"मग आता मी नाव घालूच नको का रे?"

काळू दारात उभा होता. तो सरळ माझ्याकडे बघून बोलला, चार महिन्यांत पहिल्यांदा. "नाव तू घातलं नव्हतंस?"

"नाही."

"मग मी चार महिने कॉम्प्रेसरशी का बोलतोय?"

त्या दिवसापासून कॉम्प्रेसर नुसती हवा भरतो.

नानांनीच तोड काढली. इंजिनाच्या टाकीवर ताण नसतो. तिथे पाहिजे तेवढं लिहा. दहा नंबरच्या टाकीवर बाईंनी घातलं, यशवंत आणि काळू. काळूनं ते बोटानं तीनदा वाचलं. मग बाईंनी सुई तशीच धरून नानांकडे पाहिलं.

"मला कशाला," नाना म्हणाले. "मी काय बनवलंय? मी फक्त उघडलं." आणि चहा न घेताच घरी गेले.

त्यांचा स्टीलचा पेला गॅरेजमध्येच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ते आले. काळूनं पेल्यात चहा ओतायला घेतला. नानांनी त्याचा हात धरला. पेल्याच्या काठाखाली त्यांचा अंगठा कशाला तरी लागला होता. चष्मा घरी होता. त्यांनी खिशातनं खडू काढला, बोटावर भुकटी केली आणि पेल्यावरून फिरवली. ठिपक्यांत पांढरं भरत गेलं. सहादू गांगुर्डे, फिटर.

त्यांनी पेला उजेडात धरला. एकदा फिरवला, परत एकदा फिरवला. काळू किटली धरून उभा होता आणि मी विनाकारण कॉम्प्रेसर पुसत होतो.

"तडा नाही," नाना म्हणाले, आणि पेला पुढे केला.